भिंतीतला केबलचा पाइप

मित्रांनो, मी एक जुना प्लास्टिकचा पाइप आहे. केनवड गावातल्या एका घराच्या भिंतीत मला पुरले आहे. मी कोणाला दिसत नाही. माझ्यावर सिमेंट आहे आणि सिमेंटवर निळा रंग.

हे घर नानीबाईंचे. वांगी आणि मेथी बाजारात विकून त्यांनी ते बांधले. लखमा वायरमनने भिंतीत दोन पाइप बसवले, एक लाइटचा आणि दुसरा टीव्हीच्या केबलचा. दुसरा म्हणजे मी. नानीबाई आणि त्यांची मुले गोपाल व विनोद, अशा तिघांच्या खोल्यांसाठी तीन केबली माझ्यातून न्यायच्या होत्या. लखमाने त्यांची टोके मागेपुढे ठेवून चिकटपट्टीने बांधली, सहज सरकाव्यात म्हणून पावडर लावली आणि जराही हिसका न देता ओढली. जाताना त्याने बजावले, “या पाइपात लाइटची वायर घालू नका. करंट केबलमदी उतरीन.”

संध्याकाळी तिन्ही खोल्यांत टीव्ही लागत. तेव्हा मला फार बरे वाटे.

पुढे मुले पुण्याला कामाला गेली. त्यांनी टीव्ही नेले, दोन केबली उपसून नेल्या. नानीबाईंची एकटीच केबल उरली आणि मी आतून रिकामा झालो. नानीबाईही एकट्या पडल्या. भाजी निवडताना त्या टीव्हीतल्या माणसांशी बोलत. उत्तर कोण देणार?

एका उन्हाळ्यात गोपाल दोन दिवसांसाठी आला. आईसाठी त्याने मायेने कूलर आणला. भिंत फोडायला नको म्हणून त्याची वायर माझ्यातूनच खसकन ओढली. वायर आणि केबल, दोन्हींची वरची प्लास्टिकची साले खरचटली. मला ते कळले, पण सांगणार कसे? तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी नानीबाईंनी टीव्हीजवळचा केबलचा डबा पुसायला हात लावला आणि त्या मागे फेकल्या गेल्या. शेजारच्या सुकेशनीने आधी मेन स्विच बंद केला, मग त्यांना उठवले. नानीबाई वाचल्या. उजव्या हाताची दोन बोटे मात्र अजून बधिर आहेत.

लखमाने माझ्यातले सगळे काढले. कूलरला वेगळा पाइप दिला. नवीन केबल टाकू का, असे त्याने विचारले. नानीबाईंना टीव्हीची धास्ती बसली होती. त्या नको म्हणाल्या. पण मग म्हणाल्या, “पुढं केबल ओढाले एक दोरी तेवढी राहू दे आत. लेकरं आले तं त्याइले टीवी लागीन.”

मित्रांनो, थोडी मेहनत वाचवायला कोणाच्या जिवाशी खेळू नका. आणि घरी कोणी एकटे असेल, तर वस्तू देऊन थांबू नका.

माझ्यात आता फक्त ती दोरी आहे. झाडताना नानीबाई कधी कधी तिचे टोक हलकेच ओढून पाहतात. ती सरकते. वाट मोकळी आहे.