देवघरामागची भिंत

पिंग १८७.

सागवानी देवघर, बावीस किलो, पुण्याहून ट्रकने आलेलं.

"अंकल, ना तार, ना तोड़फोड़!"

चार स्क्रू.

"मेलीस कशी परत? समोर उभा होता तो!"

ईशान्य कोपरा.

'मेलीस' म्हणून ओरडली ती वल्लरी, गुडगावहून, हेडफोनमधून. नोएडात सतराव्या मजल्यावर मयुरा कॉम्प्युटरवरच्या गेमसमोर दातओठ खात बसली होती. समोरचा तिला दिसला होता. तिने बटणही दाबलं होतं. पण ते दाबणं बाल्कनीतल्या बिनतारी इंटरनेटच्या डब्यातून हवेत गेलं, समोरच्या टॉवरच्या काचांवर आपटलं, धुक्यात चाचपडलं, आणि पोचेपर्यंत ती मेली होती. या उशिराला पिंग म्हणतात. एरवी चाळीस मिलिसेकंद. ऐन मॅचमध्ये दोनशेच्या घरात.

"रविवारी चारला शेवटची मॅच," वल्लरी म्हणाली. ती टीमची कॅप्टन. "जिंकलो तर बेंगळुरूची फायनल. तारेचं कनेक्शन घे, नाहीतर तुझ्या जागी राघव. सॉरी यार, पण बाकी चौघांनी काय पाप केलंय?"

दोन वर्षं ऑफिसातून येऊन, कपडेही न बदलता, मयुरा सरावाला बसत होती. दोन वर्षं. आणि आता राघव!

डबा आणला होता श्रीपादांनी, तिच्या बाबांनी. विकणारा म्हणाला ना तार ना तोडफोड, आणि बाबा भाळले. ऐंशी टक्के सवलतीच्या साडीवर आई भाळते तसे.

रविवारी सकाळी तारेने इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा दिलीप आला.

"मॅडम, बाहर से तार सोसायटी में अलाउड नहीं. पर बिल्डर ने हर फ्लैट में इंटरनेट का पॉइंट दिया है." स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भिंत ठोकत तो हॉलभर फिरला आणि देवघरापाशी थांबला. "इसके पीछे."

"नाही," श्रीपाद म्हणाले.

"चार स्क्रू आहेत, बाबा."

"आठ वर्षं देव तिथे आहेत. व्हिडिओ गेमसाठी कोणी देव उठवतं?"

"गणपती दरवर्षी बुडवतोस की! तेव्हा चालतं?"

"मयुरा!" तिची आई, कुमुदिनी, कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "बाबांशी बोलतेस तू!"

"मग बोलू कोणाशी? डब्याशी?"

"चार काड्या दिसतात त्या वायफायला," श्रीपाद म्हणाले. "बिल्कुल फुल्ल. अजून काय हवं?"

"काड्या मोजत बसू? बाबा, मला लाथ मारून काढतायत टीममधून! आणि पॉइंट इथे आहे हे तुला माहीत होतं. माहीत असून त्यावर देव ठोकलेस, वर तो डबा आणलास!"

श्रीपादांनी कुमुदिनींकडे पाहिलं.

"जागा कोणी ठरवली, ते राहू दे आता."

"का राहू दे? तूच ठरवलीस. सायन्स तू ठरवलंस, इंजिनियरिंग तू ठरवलंस, माझ्या खोलीचा पिवळा रंगसुद्धा तू. एक गोष्ट मी माझी म्हणून केली, ती तुझ्या लाकडाखाली गाडलीस!"

"मैं नीचे चाय पीकर आता हूँ," दिलीप दाराकडे सरकला.

"रुको, भैया. स्क्रूड्रायव्हर दो."

तिने बाळकृष्ण उचलला. अन्नपूर्णा उचलली. टाक, शंख, घंटा, सगळं भराभरा ताटात. घंटा वाजली तशी कुमुदिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या. पहिला स्क्रू निघाला. दुसरा गंजला होता, तिने रागाने पिळला, तळहात सोलला. तिसरा निघाला आणि देवघर एका बाजूला कललं.

श्रीपाद उठले. दोन्ही हातांनी खालून देवघर पेलून उभे राहिले.

त्याचाही तिला राग आला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

भिंतीवर देवघराच्या आकाराचा कोरा चौकोन उरला. मधोमध प्लॅस्टिकची प्लेट, धुपाने पिवळी पडलेली. दिलीपने फुंकर मारली, प्लेट उघडली, आतून दोऱ्याएवढी तार ओढली. मग जोडणी, कंपनीला फोन, वाट बघणं, पुन्हा फोन. जेवायला कोणी बोलावलं नाही.

चारला पाच मिनिटं. पिंग ९.

"आवाज तुटत नाहीये तुझा!" वल्लरी किंचाळली. "चल, राघवला नको म्हणून सांगते."

मयुराने खोलीचं दार लावून घेतलं. लावताना दिसलं, देव डायनिंग टेबलवर ताटात बसलेत, लोणच्याच्या बरणीशेजारी, आणि बाबा समोर खुर्ची ओढून त्यांच्याकडे बघतायत.

आठ वर्षांपूर्वी, घराचा ताबा मिळाला त्या दिवशी, रिकाम्या हॉलमध्ये, पंधरा वर्षांच्या मयुराने त्या प्लेटवर बोट ठेवून म्हटलं होतं, "बाबा, देवघर इथे लाव ना, म्हणजे हे घाणेरडं झाकलं जाईल."