वाळवी न लागलेलं लाकूड

मिस्त्रींना लेकीच्या घरी येऊन आठ महिने झाले होते, आणि या आठ महिन्यांत त्यांना कुणी साधा खिळा ठोकायला सांगितला नव्हता. "बाबा, तुम्ही बसा," एवढंच. फडताळाची पट्टी निखळली, बसा. दार कुरकुरतंय, बसा, माणूस येतोय. आता जो माणूस पन्नास वर्षं रंध्यापाशी उभा राहून जगला, त्याला दिवसभर बसा म्हणणं म्हणजे काय असतं, हे म्हणणाऱ्याला कुठून कळणार? मिस्त्री बसायचे. आतल्या आत धुमसायचे आणि बसायचे.

लेकीनं परसात नऊ कोंबड्या पाळल्या होत्या. त्या मनाला येईल तिथं अंडी घालायच्या. बादलीत, जळणाच्या मागे, एकीनं तर जावयाच्या बुटात घातलं. जावई म्हणाला, "प्लॅस्टिकचे खोके मिळतात, आणतो."

"मी करतो," मिस्त्री म्हणाले.

लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं बायकोकडे. ते पाहणं मिस्त्रींना फार झोंबलं. हात थरथरतात म्हणून काय कसबही गेलं?

लाकूड मिळालं ते दोन गल्ल्या सोडून. तिथं जुनी शाळा पाडत होते. ढिगाऱ्यातली एक फळी मिस्त्रींनी उलटी केली आणि त्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायचीच बाकी होती. मागे पेन्सिलीचा त्रिकोण होता, त्यांची स्वतःची खूण. तीस वर्षांपूर्वी या शाळेची कपाटं त्यांनीच केली होती. आजूबाजूच्या चौकटी वाळवीनं खाऊन पार पोकळ केलेल्या, आणि यांच्या फळ्यांना एक भोक नाही.

"लाकूड पारखून घेतलं की असं टिकतं," त्यांनी मुकादमाला ऐकवलं.

"घेऊन जा आजोबा. आम्हाला फेकायच्याच आहेत."

तीन आठवडे मिस्त्री परसात राबले. रंधा मारताना फळ्यांना उग्र, गोडसर वास यायचा. जुन्या लाकडाला येतोच, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. बाहेरून फळ्या तासून गुळगुळीत केल्या, आतून तशाच खरखरीत ठेवल्या. कोंबडीला कसलं आलंय पॉलिश, पायाला पकड मिळाल्याशी मतलब. फूटभर रुंदीचे तीन खण, अंडं घरंगळून पडू नये म्हणून पुढे चार बोटांची पट्टी, वर उतरतं छप्पर, म्हणजे बाईसाहेब वर चढून घाण करायला नकोत. आणि सांधे? एकही खिळा न मारता खाचेत खाच बसवलेली. कोंबड्यांना त्याचं काय कौतुक, पण मिस्त्रींना होतं.

कोंबड्या मुकाट आत जाऊन बसल्या. घरातली हवाच बदलली. लेक येणाऱ्याजाणाऱ्याला परसात नेऊन दाखवू लागली, "बाबांनी केलंय." शेजारची शिंपीण तर हट्टालाच पेटली, "मिस्त्री, माझ्या कोंबड्यांनाही असंच हवं." आणि एका सकाळी जावई खाली मान घालून म्हणाला, "बाबा, तेवढं दार बघता का?" मिस्त्रींनी दार बघितलं. त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त जेवले.

असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी न्याहारीला सहा वर्षांच्या नातीनं उकडलेलं अंडं बाजूला सारलं.

"याला औषधाचा वास येतो."

जावयानं हुंगून पाहिलं आणि हसला. "खरंच की. आपल्या कोंबड्या दवाखान्यात जाऊन येतात वाटतं."

मिस्त्रींनी ते अंडं हुंगलं. त्या शाळेतलं सगळं एका क्षणात समोर आलं. वाळवीनं हैराण झालेले हेडमास्तर, कवटीचं चित्र असलेला डबा, आणि फळ्यांना पाजलेले औषधाचे तीन हात. हाताची सालं निघाली होती तेव्हा. वाळवीनं काही त्यांच्या पारखीला मान दिला नव्हता, ती विषाला भ्याली होती. आपली खूण दिसली आणि हा शहाणा माणूस बाकी सगळं विसरला. आणि ते विष आता पोरीच्या ताटात होतं.

एकच वाक्य बोलायचं होतं. लाकूड विषारी आहे, माझं चुकलं. पण जीभ रेटेना. आठ महिन्यांनी कुठे माणसात आलो होतो, आता पुन्हा "बाबा, तुम्ही बसा"? शिकाऊ माणूससुद्धा करणार नाही अशी चूक मिस्त्रींनी केली, हे सांगायचं, तेही जावयासमोर?

त्यांनी नातीच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं. उठले, हातोडी घेतली आणि परसात जाऊन तिन्ही खण फोडून काढले. कोंबड्या ओरडत सैरावैरा पळाल्या. टोपलीतली अकरा अंडी त्यांनी एकेक करून मोरीत फोडली आणि वर पाणी ओतलं.

"बाबा, काय करताय हे?" लेक धावत आली.

"सांधे नीट बसले नव्हते."

"आणि अंडी?"

मिस्त्रींनी पुन्हा हातोडी उचलली. लेकीनं त्यांच्या हातातून हातोडी काढून घेतली. ती रडत होती, पण रागानं नव्हे, आणि तेच मिस्त्रींना सोसवेना. दुपारपर्यंत हत्यारं ट्रंकेत गेली, ट्रंकेला कुलूप लागलं. जावई फोनवर कुठल्याशा डॉक्टरांची वेळ घेत होता. लेक मिस्त्रींशी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीण आली. मिस्त्री खुर्चीत होते. परसातला आवाज खिडकीतून स्वच्छ येत होता.

"फळ्या तेवढ्या धड आहेत बघा," लेक म्हणत होती. "तुमच्या भावाकडून ठोकून घ्या. या लाकडाला वाळवी शिवत नाही."

मिस्त्री भिंतीला धरत परसात गेले. "त्या फळ्या देऊ नकोस," ते म्हणाले. "विषारी आहेत. मीच औषध पाजलंय त्यांना, शाळेची कपाटं करताना. माझी चूक झाली, पोरी. अंडी म्हणूनच फोडली मी."

पन्नास वर्षांत हे शब्द त्यांनी कुणापुढे काढले नव्हते.

"काल तर सांधे म्हणत होता," जावई हळूच म्हणाला.

"खोटं बोललो काल."

"हो बाबा," लेकीनं त्यांचा दंड धरला. "चला, आपण आत बसू." मग मान वळवून ती शिंपिणीला म्हणाली, "मनावर घेऊ नका. कालपासून असंच चाललंय. तुम्ही न्या."

शिंपिणीनं फळ्या काखेत घेतल्या. बाई मनानं चांगली. जाता जाता मिस्त्रींपाशी थांबली आणि लहान मुलाची समजूत घालावी तशी म्हणाली, "तुमच्या हातचं लाकूड आहे, मिस्त्री. मी वाया नाही जाऊ द्यायची."