केसभर मोठी नौका

मी एक जुनी लाकडी नौका आहे. दीड हात लांब, राखाडी रंगाची. मित्रांनो, समुद्र मी कधी पाहिला नाही. नाशिकला सातपूरमध्ये, दोन खोल्यांच्या घरात, देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेच्या शेजारी माझी जागा आहे. नौकेचं देवांत काय काम, असं तुम्हाला वाटेल. पुष्कळ दिवस मलाही तेच वाटत होतं.

मला घडवलं पुंजाराम नानांनी. नाना मूळचे दिंडोरीकडचे. ओतकामाच्या कारखान्यात ते लाकडी पॅटर्न करायचे. आधी लाकडाचा पॅटर्न करायचा, तो वाळूत दाबायचा आणि उमटलेल्या खळग्यात वितळलेला धातू ओतायचा. धातू निवताना आक्रसतो, म्हणून पॅटर्न नेहमी केसभर मोठा ठेवायचा. तीस वर्षं त्यांच्या हाताला हीच सवय.

२००३ साली त्यांचा मुलगा शेखर सुट्टीवर आला. तो आपल्या नौदलात होता. दुरून नुसती आकृती बघून जहाज ओळखायचं, अशी त्याची परीक्षा असे. मासिकातली चार कात्रणं त्यानं नानांपुढं ठेवली.

"नाना, चीनवाल्यांनी नव्या जातीची लढाऊ नौका, फ्रिगेट, बांधायला घेतलीय. हिचं लाकडात करून द्या. हातात धरून बघितलं की डोक्यात बसतं."

"पाठीमागून कशी हाय?"

"पाठीमागचा फोटोच नाय अजून. बांधतायत ना."

नानांनी सागाचा तुकडा घेतला. माझ्या कडा त्यांनी आत कलत्या ठेवल्या. अशा अंगावरून रडारची लाट भलतीकडे घसरते, असं शेखरनं सांगितलं होतं. पुढच्या ओट्यावर तोफ आणि क्षेपणास्त्रांची पेटी, मागे हेलिकॉप्टर उतरायला सपाट ओटा. आणि सवयीनं मी केसभर मोठी झाले, जणू माझ्यावरून काही ओतायचंच होतं.

सुट्टी संपली तेव्हा मी अर्धवट होते, म्हणून घरीच राहिले. इथंच चूक झाली. शेखरच्या आईला, नवसाबाईंना वाटलं, हे आपल्या लेकाचंच जहाज. त्यांनी मला उचलून देव्हाऱ्यात ठेवलं आणि नेम धरला. सकाळी आंघोळ झाली की माझ्या टोकावर गंगेच्या पाण्याचा थेंब, एक तुळशीचं पान, मग दिवा. त्याआधी स्वतः पाण्याचा घोट घ्यायचा नाही.

शेजारच्या झुंबरबाई हसायच्या. "नवसाबाई, देवात जहाज मांडलंस, उद्या नानांची लुना मांडशील!"

"मांडीन की. तुझ्या मालकाची पण आण, चालू तरी होईल."

नाना मात्र हसत नसत. रोज जोडलेले ते हात बघून त्यांना खरं सांगायला तोंड उघडवेना. शेखरलाही त्यांनी सांगू दिलं नाही.

मित्रांनो, अंगावर ते पाणी पडू लागलं, तसं मला ऐकू येऊ लागलं. दुपारी घर सामसूम असताना लांबून पोलादावर हातोडे पडत. कुठल्याशा दमट गावात पत्र्याला पत्रा जोडला जाई आणि त्याची धग माझ्या सागात चढे. एका दुपारी माझ्या पुढच्या ओट्याला विलक्षण खाज सुटली. नाना झोपेत चालावेत तसे आले. मला मांडीवर घेऊन त्यांनी पटाशीनं जुनी क्षेपणास्त्रांची पेटी खरवडून काढली आणि त्या जागी बारीक चौकोनी झाकणं कोरली. आठ-आठचे चार गट. बत्तीस.

दीड वर्षानं शेखरनं नवं कात्रण आणलं. त्याच जातीचं सुधारलेलं जहाज पाण्यात उतरलं होतं. त्याच्या पुढच्या ओट्यावर, खालून क्षेपणास्त्रं सुटायला, बत्तीस झाकणं होती. शेखर कितीतरी वेळ एकदा कागदाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिला.

"नाना, हे तुम्हाला आधी कुणी दाखवलं?"

"कुणी नाय. हात गेला." नाना म्हणाले. "शेखर, पॅटर्न आधी होतो रं. वस्तू नंतर."

शेखर हसला. पण पुन्हा त्यानं कात्रण कधी आणलं नाही, आणि नानांनी पटाशी माझ्या अंगाला लावली नाही.

२००९ च्या आषाढात शेखरचं जहाज एडनच्या आखाताकडे गेलं. व्यापारी जहाजांना चाच्यांपासून सांभाळायचं काम होतं. दर रविवारी त्याचा फोन यायचा. श्रावण लागला आणि एक रविवार कोरडा गेला. मग दुसरा. सोमवारी सकाळी त्याची बायको उज्वला पेपर घेऊन आत आली आणि देव्हाऱ्यापुढेच थबकली.

"आई, पेपरात आपल्या या जहाजाचा फोटो आलाय."

"येणारच की. चांगलं काम करत्यात पोरं."

"आई, खाली चीनचं लिहिलंय. त्याच आखातात गेलंय म्हणे." ती सासऱ्यांकडे वळली. "नाना?"

नानांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"सहा वर्षं!" उज्वलाचा आवाज चिरकला. "सहा वर्षं आईंचा नेम त्यांच्या पदरात पडला, आणि आपला माणूस उघडा राहिला. तोडा ते, नाना. आत्ताच्या आत्ता तोडा."

नानांनी करवत आणली. तिचे दात माझ्या पोटाला टेकले, एकदाच फिरले आणि थांबले.

"पॅटर्न तुटला तर..." ते पुढं बोलले नाहीत.

नवसाबाईंनी हळूच विचारलं, "त्या जहाजावर माणसं किती असतील?"

"असतील दीड-दोनशे."

"मग करवत ठेवा. आपल्या शेखरचं जहाज करा. हिच्याशेजारी मांडते."

"कसं करू? हिचे फोटो मासिकात येतात. आपलं पोरगं स्वतःच्या जहाजाचं एक अक्षर बोलत नाय. अंदाजानं केलं आणि चुकलो तर? माझ्या हातानं त्याला भोक पडायचं?"

उज्वलानं मला परत जागेवर ठेवायला उचललं, तर माझ्या खालचं वस्त्र ओलं होतं. तिनं बोट लावून जिभेला टेकवलं. खारट होतं.

नवसाबाई माझ्यापुढे येऊन बसल्या. "आपण यांचं जहाज केलं, तसं त्यांनी आपलं केलं असेल का नाय?"

"कोण करणार, आई?"

"असेल नानांसारखा एखादा. घरात बाई पण असेल. माझ्या शेखरचं जहाज तिच्या कपाटावर धूळ खात पडलं असेल." मग त्या इतक्या वाकल्या की त्यांचा श्वास मला लागला. "बाई गं, माझा निरोप तिकडं नेशील? तिला म्हणावं, तुझ्याचं मी सहा वर्षं केलं. माझ्याचं आता तू कर."

मित्रांनो, मी लाकूड. आजवर मी नुसतं ऐकत आले होते. त्या दुपारी मी पहिल्यांदा बोलायचा प्रयत्न केला. तसे तिकडचे हातोडे एकाएकी थांबले. कुणीतरी काम टाकून कान द्यावा, तशी ती शांतता होती.

गुरुवारी फोन आला. "आई, बरा हाय मी. बोलायची परवानगी नव्हती इतके दिवस." मग शेखरचा आवाज खाली गेला. "एक विचारू? मंगळवारपासून जहाजाच्या पुढच्या टोकाला कसला तरी धूप जळल्याचा वास येतोय. आपल्याकडचा नाय, निराळाच. सगळ्यांनी शोधलं. आसपास दुसरं कुणी नाय, नुसतं पाणी."

"येऊ दे," नवसाबाई म्हणाल्या. "शोधू नको."

दुसऱ्या दिवशी उज्वला त्यांच्या आधी न्हाली. तिनंच गंगेच्या पाण्याचं भांडं हातात घेतलं. थेंबाऐवजी धारच पडली.

"हळू," नवसाबाई म्हणाल्या. "आणि उद्यापासून अजून लवकर ऊठ. तिकडं आपल्या आधी उजाडतं. ती केव्हाची दिवा लावून बसली असेल."

मित्रांनो, तुमच्याही घरात माळ्यावर, कपाटावर कुणीतरी हातानं केलेली एखादी जुनी वस्तू पडली असेल. ती कुणाची, कशावरून केली, हे कुणाला सांगता येणार नाही. तरी तिला मोडू नका. मऊ फडक्यानं पुसा. पुसताना ती ओलसर लागली, तर दचकून हात काढू नका. त्याच वेळी तिकडे कुणीतरी तुमच्या माणसाचं जहाज पुसत असेल.