दार ढकलायचं मालकानं

"दार बंद आहे. कुलूप लोखंडी, जुनं. चावी कुणाकडेच नाही. काय करताय?"

बाहेरच्या खोलीतून नातीचा आवाज आला आणि आजोबा ताडकन उठले. चप्पल शोधण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी कॉटखालची हत्यारांची पिशवी ओढली आणि बाहेर आले.

"कुठलं दार? आत कोण अडकलंय?"

टेबलाभोवतीची पोरं आधी त्यांच्याकडे आणि मग पिशवीकडे बघत राहिली. नातीचा लांबू नावाचा मित्र तर इतका हसला की त्याला ठसका लागला.

"खरं दार नाही हो, आजोबा," नात म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "खेळातलं आहे. मी गोष्ट सांगते, हे त्यातली माणसं होतात. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो."

उभा जन्म कुलपांत घालवलेल्या माणसाला खेळातल्या कुलपाने फसवावं, ही नामुष्कीच होती. उजवा हात थरथरायला लागला तेव्हा आजोबांचं दुकान बंद झालं. तेव्हापासून ते लेकीकडे राहत होते आणि चारचौघांत तो हात खिशात ठेवत होते. 'आता आराम करा' असं जो तो सांगे. आरामाचा त्यांना वीट आला होता.

ते परत फिरणार तेवढ्यात चष्मेवाली मैत्रीण म्हणाली, "खेळात कुलपं उघडणारा आमचा मित्र आज तापाने झोपलाय. तुम्ही बसा ना, आजोबा."

"त्यांना नाही आवडणार हे," नात घाईघाईने म्हणाली.

झालं. आपल्याला काय आवडणार नाही हे दुसऱ्याने ठरवलं की आजोबांना नेमकं तेच करायचं असे. त्यांनी खुर्ची ओढली.

"मालक कुठाय?"

"कसला मालक?"

"दाराचा. मालकाने समोर उभं राहून सांगितल्याशिवाय मी कुलपाला हात लावत नाही."

"अहो, आत राजाचा खजिना आहे! राजा कधीच मेलाय!" लांबू म्हणाला.

"मग वारस आणा."

लांबूने कपाळाला हात लावला. नात मात्र हसली नाही. लहानपणी दुकानात बसून तिने हेच बोलणं कितीदा तरी ऐकलं होतं. ती हळूच म्हणाली, "दारामागून आवाज येतोय. म्हातारी राणी आहे. म्हणतेय, घर माझंच आहे आणि मीच कोंडले गेलेय. उघडा."

"असं सांगा ना मग!"

आजोबांचा उजवा हात नकळत खिशातून बाहेर आला. हवेतच तो कुलपात तार सरकवू लागला आणि थरथरला. आजोबांनी हात पटकन मांडीवर घेतला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू दे. माझ्याने व्हायचं नाही आता."

"आजोबा, इथे फक्त फासा टाकायचा." नातीने पुष्कळ बाजूंचा एक फासा त्यांच्यापुढे ठेवला. "आणि फासा टाकताना हात सगळ्यांचाच हलतो."

आजोबांनी टाकलेला फासा घरंगळत टेबलाखाली गेला. आकडा अगदीच लहान पडला. कुलूप उघडलं नाही. पुन्हा पाळी आली, पुन्हा नाही. संध्याकाळ झाली तशी पोरं उठली.

"पुढच्या रविवारी दुसरी वाट शोधू," लांबू म्हणाला.

"दुसरी वाट कशाला? बाई आत आहे. मी आहे की इथे."

तो आठवडा आजोबांनी घर डोक्यावर घेतलं. चहा पिताना फासा, बातम्या बघताना फासा.

"बाबा, खेळ आहे तो," लेक वैतागून म्हणाली.

"असेल. पण मी काम हातात घेतलंय."

रविवारी तापातून उठलेला मित्र आला आणि आपल्या खुर्चीत आजोबांना पाहून थबकला.

"एवढं कुलूप होऊ दे," आजोबा म्हणाले, "मग तुझी जागा तुला."

त्यांनी फासा टाकला. तो टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. आकडा मोठा होता.

"उघडलं!" चष्मेवाली ओरडली.

"आजोबा, ढकला दार! आत काय आहे बघू!" लांबू म्हणाला.

आजोबांनी खुर्ची मागे सरकवली. "ते आपलं काम नाही. दार ढकलायचं मालकानं. आपण बाजूला व्हायचं."

नात टेबलावर पुढे झुकली. मग ती म्हणाली, "राणी दार ढकलते. बाहेर येते. आणि विचारते, पुढच्याही दाराला याल ना?"

आजोबा उठायला लागले, तसा तापातून उठलेला मित्र स्वयंपाकघरात गेला आणि स्वतःसाठी स्टूल घेऊन आला.

आजोबा पुन्हा बसले. त्यांचा उजवा हात टेबलावर होता, सगळ्यांसमोर थरथरत. तो खिशात घालायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"कुठंय ते दार?" त्यांनी विचारलं.