मिलवॉकी तिसऱ्या क्रमांकावर

मिलवॉकीत हिवाळ्यातल्या शुक्रवारी तळलेल्या माशांचा वास येत नाही अशी गल्ली तेव्हा सापडली नसती. तशाच एका शुक्रवारी, १९७३ च्या जानेवारीत, माझ्या खोलीत राहणारी कोरिन हास तोंडात घास असतानाच म्हणाली, "बर्नी, मी मॅचमधून नाव काढून घेतलं."

आम्ही दोघी डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. पुढच्या शिक्षणासाठी आम्ही इस्पितळांची नावं आवडीच्या क्रमाने लिहायची, इस्पितळांनी आमची लिहायची आणि कॉम्प्युटरने जोड्या जमवायच्या, याला मॅच म्हणत. मार्चमध्ये सगळ्यांना एकदमच पाकिटं मिळत. पाकिटात निघेल तिथे मुकाट्याने जायचं. आधीच कुणी जागा देऊ केली आणि आपण ती घेतली, तर मात्र मॅचमधून बाहेर पडावं लागे.

"कुठे मिळाली?" मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं.

"इथेच, आपल्या लहान मुलांच्या इस्पितळात. लिंडक्विस्ट सर म्हणाले, येतेस का? मी म्हटलं, येते."

"नाचायला विचारावं तसं?"

"अगं, नाचायला विचारताना लोक जास्त वेळ घेतात!" ती खदखदून हसली.

उन्हाळाभर त्याच वॉर्डात, त्याच सरांच्या हाताखाली आम्ही दोघींनी काम केलं होतं. कोरिनचं घर मॅडिसनला, तिचे आईवडील धडधाकट. ती कुठेही गेली असती. माझे बाबा कातडी कमावायच्या कारखान्यात छाती खराब करून घेऊन आठ घरं पलीकडे एकटे राहत होते. आई गेल्यावर त्यांना मीच होते. मला मिलवॉकीच हवं होतं, आणि विचारलं तिला!

"अजून जागा आहेत गं," कोरिन म्हणाली. "तू पहिलं नाव आपल्याच इस्पितळाचं लिही. दोघी एकाच वॉर्डात धुमाकूळ घालू."

"जेवून उठलेल्याने उपाशी माणसाला धीर देऊ नये."

"बरं बाई, नाही देत. तो मासा खाणार आहेस की मी घेऊ?"

तोही तिनेच घेतला.

मी मुलाखतींसाठी बसमधून थंडीत कुडकुडत गावोगाव फिरत होते, तेव्हा ही सोफ्यावर पाय पसरून कादंबऱ्या वाचायची. भांडी घासताना शीळ घालायची. ती शीळ अजून माझ्या कानात आहे. सुरात असायची, हे त्याहून वाईट.

मनात एकच किडा वळवळत होता. सरांना मी हवी असते तर त्यांनी मलाही विचारलं नसतं का? ज्याने आपल्याला डावललं त्याच्याच दारात पहिलं जाऊन उभं राहायचं? शेवटी मी सेंट लुईस पहिलं लिहिलं, मिनिआपोलिस दुसरं आणि मिलवॉकी तिसरं. निदान मान तरी राहील, असं वाटलं.

मार्चमध्ये सभागृहात पाकिटं वाटली. कोरिनला पाकीट नव्हतं. ती माझा कोट सांभाळत उभी होती. मी पाकीट फोडलं. सेंट लुईस. लोक पाठ थोपटायला लागले, केवढं नावाजलेलं इस्पितळ ते!

तेवढ्यात कॉफीचा कप हातात घेऊन लिंडक्विस्ट सर आले.

"म्हणजे आम्हाला वर लिहिलं नव्हतंस तर, बर्नडीन? आमच्या यादीत तुझं नाव सगळ्यात वर होतं."

"पण सर, तुम्ही तर कोरिनला..."

"ती निसटून जाईल म्हणून आधी धरून ठेवली. तुला कशाला विचारायचं? तुझे वडील इथे आहेत. तू कुठे जाणार, असंच समजत होतो मी."

कोरिनने माझा दंड धरला. "मी सांगितलं होतं ना तुला? काय करून बसलीस हे!" आणि सगळ्यांदेखत रडायला लागली. मी अभिनंदनं घेत हसत उभी होते.

"तुझ्या बाबांकडे मी जात जाईन," नाक पुसत ती म्हणाली. "ऐकतेस ना?"

ती जातही राहिली. सेंट लुईसहून दर रविवारी मी घरी फोन करायचे. बाबा धापा टाकत सांगायचे, "कोरिन येऊन गेली. सूप आणलं होतं. छाती तपासली. हात फार हलका आहे गं पोरीचा."

"माहीत आहे, बाबा," मी म्हणायचे.

"आणि शीळ काय सुरेख घालते!"