दहा पावलं

बाबा दुकानाकडे पाठ करून चालायला लागले, तेव्हा ते थकले असतील असंच मला आधी वाटलं. थकलो सगळेच होतो. नागपूरहून निघालेल्या यात्रेच्या बसचा तो तेरावा दिवस. सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी करून आम्ही काठमांडूला आलो होतो. आईला जाऊन अकरा महिने झाले होते.

यात्रा तिनंच ठरवली होती. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून बाबा रिटायर झाले की दोघांनी नेपाळला जायचं आणि तिथून वीतभर उंचीची पितळेची बुद्धमूर्ती आणायची. आता तिच्या सीटवर मी होते. महिन्याभरानं तिचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. त्या दिवशी मूर्ती तिच्या फोटोशेजारी असावी, एवढं एकच बाबा प्रवासात पुन्हापुन्हा बोलले होते.

दुकानदारानं मूर्तीचे एकशे चाळीस रुपये सांगितले. मी पर्स उघडली.

"थांब वं चारू," बाबा म्हणाले. मग त्याच्याकडे वळून, "नब्बे."

"बाबूजी, भगवान का क्या मोलभाव."

"तो रहने दो."

आणि ते निघाले. लोकरी टोप्या विकणाऱ्या बाईपाशी थांबले. हात पाठीशी बांधलेले, मान सरळ. त्यांचं ते उभं राहणं मी ओळखलं.

नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजारात भाव आई करायची. अडलं की बाबा रागावल्यासारखे निघून जायचे. दहा पावलं, जास्त नाही. गिऱ्हाईक जातंय असं पाहून दुकानदार उतरायचा आणि आई हाक मारायची, "या जी, देऊन राहिला तो." घरी आल्यावर बाबा सांगायचे, "नवव्या पावलालेच ढिला झाला." आई म्हणायची, "बोलली मी, अन् नाव तुमचं."

इथला दुकानदार ढिला झाला नाही. मी शंभर म्हटलं, एकशे दहा म्हटलं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला माळा दाखवत राहिला.

"लौट आएँगे, बहनजी," तो म्हणाला. "सुबह से सब यही करते हैं. सब लौटते हैं."

बाबा परतणार नव्हते. हाक आल्याशिवाय ते कधीच परतले नव्हते. आमची बस तासाभरात सुटणार होती. ते तसेच चालत बसपर्यंत गेले असते आणि घरापर्यंत त्या मूर्तीचं नाव काढलं नसतं.

मी एकशे चाळीस मोजून दिले. त्यानं मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळली.

'बाबा' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तोंडातून आलं, "या जी, देऊन राहिला तो."

बाबांना वळायला वेळ लागला. टोपीवाली त्यांच्याकडे पाहत होती.

"केवढ्यात?" जवळ आल्यावर त्यांनी विचारलं.

"नव्वद."

त्यांनी पुडकं हातात घेऊन जोखलं. "तुह्या मायनं ऐंशीत आणली असती."

"आणली असती," मी म्हणाले.

पुण्यानुमोदनाला शेजारच्या सिंधूताईंनी मूर्तीचा भाव विचारलाच. मी चहाचे कप गोळा करत होते.

"नव्वद," बाबा म्हणाले. "दहाव्या पावलाले उतरला तो." मग माझ्याकडे पाहून, "बोलली चारू. नाव माझं."

कप घेऊन मी आत गेले आणि बराच वेळ ते विसळत राहिले.