गालावरचा खवला

"घासा, काकू, घासा! नवऱ्यावरचा राग काढताय असं समजून घासा!"

इसोबेने तारेची घासणी समोरच्या बाईंच्या हातात कोंबली आणि ब्लू-रेची तबकडी पुढे धरली. बाईंनी लाजत लाजत दोन हात मारले, मग खरोखरच नवरा आठवला असावा, चांगली रगडली. इसोबेने तबकडी उजेडात फिरवली. ओरखडा नाही. तीच घासणी त्याने डीव्हीडीवर एकदाच फिरवली, तर तिची अवस्था मांजराने पंजा मारलेल्या कागदी दारासारखी झाली.

नुमाझू स्टेशनसमोरच्या तिमजली दुकानात दर शनिवारी-रविवारी लाल हाप्पी, म्हणजे विक्रेत्यांचा आखूड डगला, अंगात चढवून इसोबे मित्सुहारू ब्लू-रेची रेकॉर्डिंग मशीनं विकत असे. त्याआधी त्याने सुऱ्या विकल्या होत्या, न चिकटणारे तवे विकले होते, आणि मधली दोन वर्षं कंबरदुखीचा पट्टा. सगळं सारख्याच श्रद्धेने विकलं. पट्टा विकताना त्याची स्वतःची कंबर धरली, तेव्हा तोच पट्टा बांधून तो उभा राहिला होता. दुखणं गेलं नाही, खप मात्र वाढला.

"डीव्हीडी वाचतो लाल किरण," तो सांगत होता. "लाल किरण म्हणजे पाटी रंगवायचा ब्रश. ब्लू-रे वाचतो निळा-जांभळा किरण. म्हणजे नववर्षाच्या कार्डावर पत्ता लिहायचा कुंचला. टोक बारीक, म्हणून ठिपके बारीक, ओळी दाट. तेवढ्याच तबकडीत पाचपट माल! आणि मजकूर अगदी वरच्या कातडीखाली, भिंग जवळून वाचतं. म्हणून तर ही कातडी कडक करावी लागली. कळलं?"

कुणालाच कळलं नव्हतं. पण कुणी हलतही नव्हतं, कारण मागच्या दोन टीव्हींवर एक बाई मासे चिरत होती.

हा इसोबेचा स्वतःचा शोध. कंपनीने दाखवायला धबधब्याचं चित्रण दिलं होतं. धबधब्यापुढे माणूस थांबत नाही, हे इसोबेला पहिल्याच आठवड्यात कळलं. मग त्याने घरच्या मशीनवर उतरवलेला स्थानिक वाहिनीचा एक कार्यक्रम आणला. निवेदक बंदरावर फिरत फिरत सुकटीच्या दुकानात शिरतो आणि तिथली एक बाई बांगडे उघडता उघडता त्याच्याशी बोलते. डाव्या टीव्हीवर तेच चित्र डीव्हीडीवरून, उजव्या टीव्हीवर ब्लू-रेवरून. असं घरचं चित्रण दुकानात लावायची परवानगी नव्हती. पण मॅनेजर साकाकी खपाचे आकडे बघत असे, टीव्ही नाही.

"डावीकडे बघा. बाई किती वर्षांची? पस्तीस?"

"तिशीची असेल," कुणीतरी म्हणालं.

"बरं. आता उजवीकडे!" इसोबेने छडी उजव्या पडद्यावर टेकवली. "डोळ्यांच्या कोपऱ्यात कावळ्याची पावलं. मोजा, मोजा, फुकट आहे! आणि हा गाल. डावीकडे वाटतं, काय तेज आहे चेहऱ्यावर! उजवीकडे कळतं, तेज नाही, बांगड्याचा खवला आहे!"

गर्दी फिस्सकन हसली. हे वाक्य दर वेळी हसवत असे.

"मामा, कोण हो ही?" एका कॉलेजातल्या मुलीने विचारलं.

"असेल कुणीतरी मासळीच्या दुकानातली," इसोबे म्हणाला. हे उत्तरही ठरलेलंच होतं. विकणाऱ्याने घरचं नातं मध्ये आणलं की गिऱ्हाईक संकोचतं.

आणि तेव्हाच घासणीवाल्या काकू मागे वळून किंचाळल्या, "अगंबाई! ह्या तर ह्याच की!"

मागच्या रांगेत इसोबेची बायको चिझुको उभी होती. हातात व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशव्यांचं पाकीट. घरचं मशीन धूळ ओढायचं थांबलं होतं, म्हणून ती आली होती. सगळी गर्दी वळली. लोकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग उजव्या टीव्हीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तपासून घेतल्यासारखं.

चिझुकोने दोन्ही पडदे नीट पाहिले.

"हो, मीच," ती म्हणाली. "पण ती डावीकडची."

काय हसले लोक! तीही हसली. मान लववली आणि पैसे द्यायला गल्ल्याकडे गेली. इसोबेच्या हातातली छडी अजून तिच्या गालावर टेकलेली होती.

त्या दुपारी तीन मशीनं गेली. साकाकीने त्याची पाठ थोपटली. "इसोबेसान, वहिनींना दर रविवारी बोलवा हो!"

संध्याकाळी इसोबे घरी आला. चिझुकोने भात वाढला, मिसोचं सार वाढलं, लोणचं पुढे सरकवलं.

"धंद्यात बोलावं लागतं तसं," तो म्हणाला.

"बोलावं लागणारच."

"लोक तुला नावं नव्हते ठेवत. चित्र किती स्पष्ट आहे, एवढंच..."

"तुम्ही जेवा."

तो जेवला. ती त्याचा वाडगा उचलायला वाकली आणि तशीच थांबली.

"कार्यक्रम लागला होता त्या दिवशी तुम्ही मशीनपुढे बसून माझा चेहरा मागेपुढे, मागेपुढे करत होतात. आठवतं? मी स्वयंपाकघरातून बघत होते."

"हो."

"मला वाटलं, मला बघताय."

इसोबेने चॉपस्टिक खाली ठेवल्या. तेव्हा तो खवला शोधत होता. त्या दिवशी तिने त्याच्या ताटात न मागता दुसरा बांगडा वाढला होता आणि 'हे कशाबद्दल?' असं त्याने विचारलंही होतं. ती नुसती हसली होती.

"दुकानातली तबकडी आणलीत?"

त्याने खिशातून काढून दिली. ओरखड्याला दाद न देणारी ती तबकडी कात्रीपुढे मात्र मुकाट्याने दुभंगली. चिझुकोने तुकडे जळणाऱ्या कचऱ्यात टाकले, मग विचार करून काढले आणि न जळणाऱ्या कचऱ्यात टाकले.

"आता मशीनमधलं मला जुन्या तबकडीवर, डीव्हीडीवर, घालून द्या."

"जुन्या?" इसोबे घाईघाईने म्हणाला. "अगं, तसं नको करू. टीव्हीवरून घेतलेल्याच्या मशीन नऊच प्रती काढू देतं. त्या संपल्या. तुझ्या बहिणींना दिल्या, सुकटीच्या दुकानाच्या मालकांना दिली. त्यांच्याकडे जुनीच मशीनं, म्हणून त्या सगळ्या जुन्यावरच. नवी एकच होती, ती तू आत्ता कापलीस. आता दहावी काढली की मूळ चित्रण उठून तिच्यात राहायला जातं. इथे काही उरत नाही. चांगलं असलेलं हे एकच आहे."

"म्हणजे ती उजवीकडची बाई जाईल?"

"कायमची. कुणालाही परत आणता यायची नाही."

"मग दाबा."

"नव्या तबकडीवर देतो ना! जुन्यावर सगळं धुरकट होईल, चिझुको. केस न् केस दिसतोय यात. तुझे हात दिसतायत..."

"माझे हात मला दिसतात," ती म्हणाली. "दाबा."

पडद्यावर मशीनने अदबीने विचारलं, 'मूळ चित्रण पुसले जाईल. चालेल का?' इसोबे बटणावर बोट ठेवून बसला. आयुष्यभर त्याने लोकांना नवं घ्यायला लावलं होतं. नव्याचं जुनं करून द्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती. तू सुंदर दिसतेस यात, असं त्याला म्हणायचं होतं. ते खरंही होतं. पण हे वाक्य त्याच्या तोंडी कसं वाजेल, हे त्याला विकणारा म्हणून नेमकं ठाऊक होतं.

त्याने 'होय' दाबलं.

निळी पट्टी हळूहळू भरत गेली. चिझुको शेवटपर्यंत तिथे बसून होती. मशीनने तबकडी बाहेर दिली, तशी तिने ती उचलली आणि कपाटात टॉवेलांच्या खाली ठेवली. पुन्हा कधी लावली नाही.

पुढच्या शनिवारी दुकानात धबधबा वाहू लागला. एका म्हाताऱ्याने थांबून, संडास कुठे आहे, एवढं विचारलं.

आणि रविवारी सकाळी इसोबे जेवायला बसला, तेव्हा चिझुकोने आपलं आसन खिडकीच्या बाजूला हलवलं होतं. पाठीमागून ऊन येत होतं, आणि त्याच्या जागेवरून तिची फक्त काळी बाह्यरेषा दिसत होती. मध्ये मिसोची वाफ. दिवा लावू का, असं त्याच्या ओठांवर आलं. त्याने वाडगा उचलला आणि खाली मान घालून जेवायला सुरुवात केली.